‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे नेमकं कधी?

पत्र

ताई, नमस्कार.

मी एका कंपनीत हिशेबाचं काम पाहते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. परदेशातल्या सहकाऱ्यांशी रोज ई-मेलवर आणि फोनवर बोलावं लागतं. बाकी इंग्रजी निभावून नेते, पण वेळेचा उल्लेख आला की घोळ होतो. मागे एकदा मी शुक्रवारपर्यंत रजेवर असणार होते, म्हणून ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय फ्रायडे’ असं कळवलं. सहकाऱ्याला वाटलं, माझी रजा शुक्रवारी सुरू होणार. सोमवारपासून तो कामं पाठवत राहिला, उत्तर येईना म्हणून वरिष्ठांकडे तक्रार गेली. घरी ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ म्हटलं की कॉलेजात जाणारा मुलगा पाहुण्यांसमोर हसतो. ॲट, ऑन, इनचे तक्ते पाठ केले, सिन्स आणि फॉरचे नियम वहीत उतरवून ठेवले, तरी बोलायची वेळ आली की तोंडातून भलतंच बाहेर पडतं. सगळे म्हणतात, ‘मराठीतून विचार करणं सोड, इंग्रजीतूनच विचार कर.’ ते मला जमत नाही. सुरुवात कुठून करू?

ता. क. – मध्यरात्रीची मुदत सांगताना ‘ट्वेल्व्ह ए.एम.’ म्हणायचं की ‘ट्वेल्व्ह पी.एम.’?

– तुमची एक वाचक

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा तुमच्या हितचिंतकांशीच भांडावंसं वाटलं. ‘इंग्रजीतून विचार कर’ हा सल्ला ज्याला इंग्रजी आधीच येतं त्याच्या उपयोगाचा. तुम्हाला तो लागू पडत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही. माझा सल्ला नेमका उलटा आहे. वेळेबद्दल बोलताना मराठीतूनच विचार करा, फक्त तो जरा थांबून, नीट करा. तुमच्या चुका इंग्रजीच्या अज्ञानातून आलेल्या नाहीत. तुम्ही मराठी वाक्य अगदी प्रामाणिकपणे इंग्रजीत नेता आणि तिथे एका मराठी प्रत्ययाच्या जागी दोन इंग्रजी शब्द उभे असतात. त्यातला कुठला उचलायचा, हे ठरवायची खूण इंग्रजी व्याकरणात शोधायची गरज नसते. बहुतेक वेळा ती आपल्या मराठी वाक्यातच सापडते.

ज्या ‘पर्यंत’मुळे तुमच्यावर तक्रारीची वेळ आली, तिथूनच सुरुवात करू. मराठीत आपण ‘पाचपर्यंत थांब’ म्हणतो आणि ‘पाचपर्यंत पाठव’ही म्हणतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण थांबणं ही चालू राहणारी क्रिया आणि पाठवणं ही एकदाच घडून संपणारी. हा फरक आपण क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजी तो फरक क्रियापदावर सोडत नाही, त्यासाठी वेगळा शब्द वापरते. क्रिया त्या क्षणापर्यंत चालू राहणार असेल तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’, आणि त्या क्षणाच्या आत कधीतरी एकदा घडून जाणार असेल तर ‘बाय’.

हे पाठ करू नका. त्याऐवजी मराठी वाक्यातलं ‘पर्यंत’ काढा आणि तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवते’ याचं ‘शुक्रवारच्या आत अहवाल पाठवते’ होतं, अर्थ बदलत नाही. म्हणजे इंग्रजीत ‘बाय फ्रायडे’. आता ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ याचं ‘शुक्रवारच्या आत रजेवर आहे’ करून बघा. कानाला खटकलं ना? मग ‘अंटिल फ्रायडे’. तुमच्या वाक्यात ‘बाय’ आल्यामुळे सहकाऱ्याने ‘उशिरात उशिरा शुक्रवारी ही रजेवर गेलेली असेल’ असा अर्थ घेतला. इंग्रजीच्या दृष्टीने त्याने बरोबरच वाचलं. याच्या उलट चूकही आपल्याकडे खूप होते. ‘प्लीज सेंड इट अंटिल फ्रायडे’ या वाक्याचा शब्दशः अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा असा होतो. समोरचा माणूस समजून घेतो, पण क्षणभर थबकतोच.

रजेच्या बाबतीत मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. ‘अंटिल फ्रायडे’ बरोबर लिहिलं तरी शुक्रवार रजेत धरायचा की नाही, हा प्रश्न इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही पडतो. अमेरिकेत त्यासाठी ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात, त्यात शुक्रवार धरलेला असतो. ब्रिटनमध्ये हा प्रयोग तितका रुळलेला नाही. म्हणून रजा कधी संपते हे सांगण्यापेक्षा कामावर कधी येणार ते सांगा. ‘आय ॲम ऑन लीव्ह ऑल वीक. आय विल बी बॅक ऑन मंडे.’ यात वाद घालायला जागाच उरत नाही.

‘पर्यंत’चा आणखी एक फास आहे आणि तो जास्त खोल रुतलेला असतो. ‘तो येत नाही तोपर्यंत मी निघणार नाही.’ या मराठी वाक्यात दोन नकार आहेत आणि दोन्ही आपल्याला हवेत. इंग्रजीत मात्र ‘अंटिल’च्या पोटातच ‘तोवर नाही’ हा अर्थ बसलेला असतो, त्यामुळे पुढे नकार घातला की वाक्य बिघडतं. ‘आय वोन्ट लीव्ह अंटिल ही डझन्ट कम’ नव्हे, ‘आय वोन्ट लीव्ह अंटिल ही कम्स’. इथेही मराठीच उपयोगी पडते. तेच वाक्य ‘तो येईपर्यंत मी निघणार नाही’ असं फिरवा. नकार एकच उरला आणि इंग्रजीचा साचा आपोआप मिळाला. हे एक वळण अंगवळणी पडलं तर तुमची पुष्कळशी वाक्यं सुधारतील.

आता मुलगा हसतो ते ‘सिन्स टू अवर्स’. ‘दोन तासांपासून वाट बघतेय’, ‘सकाळपासून वाट बघतेय’. दोन्हीकडे आपलं एकच ‘पासून’. इंग्रजी इथे विचारते, वाट बघायला सुरुवात कधी झाली ते सांगताय, की किती वेळ गेला ते सांगताय? सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, गेलेला अवधी असेल तर ‘फॉर’. हा नियम तुमच्या वहीत नक्की असणार आणि बोलताना तो आठवत नाही हीच तर तुमची तक्रार आहे. म्हणून पुन्हा आपल्या कानाकडे वळू. ‘पासून’ काढून ‘झाले’ घालून बघा. ‘दोन तास झाले वाट बघतेय’ हे झकास मराठी आहे, म्हणून ‘फॉर टू अवर्स’. ‘सकाळ झाले वाट बघतेय’ असं कुणी म्हणणार नाही, म्हणून ‘सिन्स मॉर्निंग’, किंवा त्याहून रुळलेलं ‘सिन्स धिस मॉर्निंग’. ‘पाच वर्षं झाली इथे आहे’ चालतं, तिथे ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘२०१९ झाले इथे आहे’ चालत नाही, तिथे ‘सिन्स २०१९’. ‘पासून’ म्हटलं की पुष्कळांच्या तोंडी ‘फ्रॉम’ही येतो. आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी ‘फ्रॉम २०१९’ म्हणू नका. ‘फ्रॉम’ला बहुधा पुढचं टोक लागतं, ‘फ्रॉम २०१५ टू २०१९’ असं.

पण एवढ्याने ते वाक्य पूर्ण दुरुस्त होत नाही, कारण त्यात दुसरी चूक दडलेली आहे. मराठीत ‘वाट बघतेय’ हा साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. दोन तासांपूर्वी सुरू झालेली गोष्ट अजून चालू आहे, एवढं सांगायला आपण क्रियापदाला वेगळं रूप देत नाही. इंग्रजी देते. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत येऊन पोचलेल्या क्रियेला तिथे ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. राहणं, ओळखणं, असणं अशा क्रियापदांना नुसतं ‘हॅव’वालं रूप पुरतं: ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’. इथे ‘आय ॲम नोइंग हर’ किंवा ‘आय नो हर सिन्स टेन इयर्स’ चालणार नाही. सोपी खूण अशी: मराठी वाक्यात ‘पासून’ आलं आणि क्रिया अजून चालू असली, की इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येणारच. त्याला आधी जागा करून द्या आणि मग बाकीचं वाक्य बोला.

हाच ‘हॅव’ नको तिथेही घुसतो. ‘मी काल फाइल पाठवली आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ते जसंच्या तसं नेलं की ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’ तयार होतं, आणि कचेरीतल्या ई-मेलमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. इंग्रजीत ‘हॅव’वालं रूप आत्ताच्या क्षणाशी बांधलेलं असतं. काल, मागच्या आठवड्यात, २०२० साली, दोन तासांपूर्वी अशी संपून गेलेली वेळ नाव घेऊन सांगितली की ती गाठ सुटते आणि साधा भूतकाळ येतो: ‘आय सेंट द फाइल यस्टरडे’. वेळ सांगितलीच नाही तर मात्र ‘आय हॅव सेंट द फाइल’ अगदी योग्य. म्हणजे एका वाक्यात ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ यांपैकी एकच ठेवायचं. ‘धिस मॉर्निंग’ची गंमत वेगळी आहे. सकाळ अजून सरली नसेल तर ‘आय हॅव स्पोकन टू हिम धिस मॉर्निंग’ चालतं. संध्याकाळी तेच सांगायचं असेल तर सकाळ संपलेली असते, म्हणून ‘आय स्पोक टू हिम धिस मॉर्निंग’. आणि अमेरिकी माणसं बोलताना ‘आय ऑलरेडी सेंट इट’ म्हणतात. ब्रिटिश पुस्तकं तिथे ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ शिकवतात. दोन्ही ऐकायला मिळतील, दोन्हींत चूक काही नाही.

यापुढची जोडी ‘पूर्वी’ आणि ‘नी’ यांची. ती मी एकत्रच सांगते, कारण तिथे इंग्रजी एकच गोष्ट विचारते: तुम्ही मोजायला सुरुवात कुठून करताय? आत्तापासून मागे मोजलं तर ‘अगो’: ‘दोन वर्षांपूर्वी नोकरी लागली’, म्हणजे ‘टू इयर्स अगो’. ‘बिफोर टू इयर्स’ हे आपलं शब्दशः भाषांतर आहे, ते टाळा. ‘टू इयर्स बॅक’ तुम्ही म्हणत असाल तर खुशाल म्हणा. बोलण्यात ते रूढ आहे, औपचारिक पत्रात मात्र ‘अगो’ बरं. मोजणी आत्तापासून नसून दुसऱ्याच एखाद्या जुन्या घटनेपासून असेल तर ‘बिफोर’ किंवा ‘अर्लिअर’. ‘ती २०१५ ला भेटली, त्याच्या दोन वर्षं आधी मी शहर बदललं होतं’ यातली दोन वर्षं म्हणजे ‘टू इयर्स बिफोर दॅट’.

पुढच्या दिशेलाही असंच आहे. आत्तापासून पुढे मोजलं तर ‘इन’: ‘दोन दिवसांनी फोन करते’, म्हणजे ‘आय विल कॉल यू इन टू डेज’. जुनी गोष्ट सांगताना ‘दोन दिवसांनी त्याचा फोन आला’ असं असेल तर ‘टू डेज लेटर’. भविष्याबद्दल ‘आफ्टर टू डेज’ म्हटलं तर अर्थ पोचतो, पण दोन दिवस उलटल्यावर पुढे कधीतरी असा सैलपणा त्यात राहतो. या ‘इन’मध्ये मराठी माणसासाठी खरा खड्डा आहे. आपल्या ‘दोन दिवसांत’ला आपण ‘इन टू डेज’ करतो, कारण ‘त’ म्हणजे ‘इन’ असं आपल्या मनात पक्कं बसलंय. ऐकणारा मात्र ‘दोन दिवसांनी’ असं ऐकतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी काम पाठवलंत तर तो खूश होईल, हे खरं. पण तुम्ही स्वतः कुणाकडून ‘दोन दिवसांत’ काही मागितलं असेल तर तो दोन दिवस पूर्ण होईपर्यंत निवांत बसेल. मुदतीच्या आत असा अर्थ हवा असेल तेव्हा ‘विदिन टू डेज’ म्हणा. हिशेबाच्या कामात याला फार महत्त्व आहे.

‘जेव्हा’बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि तिचा फायदा आपण घेत नाही. ‘तो येईल तेव्हा सांगीन’ यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, म्हणून आपण ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ म्हणतो. इंग्रजीत वेळ दाखवणाऱ्या तुकड्यात ‘विल’ येत नाही: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘ॲज सून ॲज’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ या सगळ्यांना हेच लागू. विचित्र वाटतं? मग ‘तू पोचलीस की फोन कर’ हे वाक्य आठवा. पोचणं पुढे व्हायचं आहे आणि आपण चक्क भूतकाळाचं रूप वापरतो! म्हणजे अशा तुकड्यात भविष्यकाळ न वापरणं आपल्यालाही परकं नाही. ‘येईल तेव्हा’ असं मनात आलं की त्याचं ‘आला की’ करून टाका, ‘विल’ आपसूक गळून पडेल.

पण मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे बरोबर कसं? तिथे ‘विल’ आहे ना? आहे, कारण हा ‘व्हेन’ वेगळा आहे. मराठीत ‘तो कधी येईल ठाऊक नाही’ असं आपण म्हणतो. ‘जेव्हा येईल ठाऊक नाही’ असं म्हणत नाही. इंग्रजीने ‘कधी’ आणि ‘जेव्हा’ दोन्ही एकाच शब्दात कोंबलेत, आपल्याकडे ते सुटे आहेत. तेव्हा मनातल्या वाक्यात ‘कधी’ असेल तर ‘विल’ ठेवा, ‘जेव्हा’ किंवा ‘तेव्हा’ असेल तर काढा. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ही सोय नाही, तुम्हाला आहे.

‘अजून’चंही तसंच. ‘ती अजून कचेरीत आहे’ यात होकार, म्हणून ‘स्टिल’. ‘ती अजून आली नाही’ यात नकार, म्हणून ‘नॉट’ आणि वाक्याच्या शेवटी ‘येट’. नकारासोबत ‘स्टिल’ही येतो, ‘शी स्टिल हॅझन्ट कम’, पण त्यात वैतागाची छटा येते. वरिष्ठांना लिहिताना तेवढं सांभाळा.

ॲट, ऑन, इनच्या तक्त्यांवर तुम्ही इतके कष्ट घेतलेत, म्हणून सांगायला जिवावर येतं, पण सगळ्यात कमी नुकसान करणाऱ्या चुका त्याच आहेत. ‘ऑन मार्च’ म्हटलं तरी महिना चुकत नाही. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिना, वर्ष, ऋतू यांना ‘इन’, इतकं पुरे. ‘इन द मॉर्निंग’ असलं तरी वार जोडला की वाराची सत्ता चालते: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्र एकटी असेल तर ‘ॲट नाइट’. शनिवार-रविवारला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकी ‘ऑन द वीकेंड’. वहीत ठळक लिहून ठेवण्यासारखं एकच आहे: लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी, टुडे, टुमॉरो, यस्टरडे यांच्या आधी यांपैकी काहीच लागत नाही. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नाही, ‘नेक्स्ट मंडे’. ‘आज सकाळी’ म्हणजे ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘यस्टरडे नाइट’ आपण सर्रास म्हणतो, पण इतर देशांतल्या ऐकणाऱ्यांना ते लगेच खटकतं. ‘यस्टरडे इव्हनिंग’ आणि ‘टुमॉरो मॉर्निंग’ मात्र चालतं. याला तर्क विचारू नका, वहिवाट आहे.

वाक्यातल्या जागेबद्दल दोनच गोष्टी. आपण मोठ्याकडून लहानाकडे जातो: ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’. इंग्रजी बहुधा लहानाकडून मोठ्याकडे: ‘ॲट टेन ऑन मंडे मॉर्निंग’. आणि आपण वेळ कर्त्याला चिकटवतो, ‘मी उद्या बँकेत जाईन’. इंग्रजीत ती एकदम टोकाला जाते, ठिकाणाच्याही नंतर: ‘आय विल गो टू द बँक टुमॉरो’. जोर द्यायचा असेल तर सुरुवातीलाही चालते, पण ‘आय टुमॉरो विल गो’ असं मधे नाही. ऑलवेज, ऑफन, नेव्हर यांसारखे शब्द मात्र मधेच बसतात, बहुधा मुख्य क्रियापदाच्या आधी.

काही ठिकाणी इंग्रजीच संदिग्ध आहे आणि तिथे तुम्ही स्वतःला बोल लावू नये. ‘नेक्स्ट वेन्सडेज मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज’, तर बैठक आता कधी? हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी खरोखरच प्रयोगांमध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलाय. लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रॅमस्कर यांचा त्यावरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण शुक्रवार म्हणतात, काही सोमवार, आणि माणूस त्या वेळी प्रवासात आहे का, यानेसुद्धा उत्तर बदलतं. मराठीत बैठक ‘पुढे ढकलली’ म्हणजे लांबलीच, त्यामुळे आपण बेधडक शुक्रवार ऐकतो. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द अर्थाने स्वच्छ आहे आणि इंग्रजी शब्दकोशांनीही तो भारतीय इंग्रजी म्हणून नोंदवला आहे, पण बाहेरच्या सहकाऱ्याला तो माहीत असेलच असं नाही. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे घेणं, ‘पोस्टपोन’ म्हणजे लांबवणं. काहीही लिहा, सोबत नवा वार आणि तारीख द्या. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येणारा शुक्रवार की त्यानंतरचा, यावरही एकमत नाही. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदाही होतं आणि दोन आठवड्यांतून एकदाही. ब्रिटिश माणूस बोलता बोलता ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर ते साडेपाच, पण जर्मन भाषेत त्याच घडणीचा शब्द साडेचारसाठी आहे, म्हणून फोनवर ‘फाइव्ह थर्टी’ म्हणा. आणि ५/६ ही तारीख ब्रिटनमध्ये ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटला.

सरावाचं म्हणाल तर नवीन पुस्तक घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या जुन्या ई-मेल उघडा, त्यातली वेळेची वाक्यं शोधा आणि प्रत्येकाखाली मनात होतं ते मराठी वाक्य लिहा. ‘पर्यंत’ला ‘च्या आत’, ‘पासून’ला ‘झाले’, ‘येईल तेव्हा’ला ‘आला की’, असं घालून बघा. आधी एकट्या ‘पर्यंत’वर काम करा, कारण अर्थ उलटा करणारी चूक तीच. ती सुटल्यावर ‘काल’सोबतच्या ‘हॅव’कडे वळा. ‘सिन्स टू अवर्स’ सगळ्यात शेवटी घ्या. लोक त्याला हसतात जास्त, पण त्याने गैरसमज कुणाचाच होत नाही. बोलताना अडखळून थांबू नका. चूक होऊ द्या, वाक्य पुरं करा. तपासायचं ते लिहिताना.

मुलाला मात्र शांतपणे सांगा की पाहुण्यांसमोर आईची चूक काढायची नाही. तो हुशार दिसतोय, तर त्याला कामाला लावा. तुम्ही मराठी वाक्य म्हणा, त्याने इंग्रजी करावं आणि ‘बाय’ का, ‘अंटिल’ का नाही, हेही सांगावं. कारण सांगताना तोही अडेल. मग ‘च्या आत’ची खूण तुम्ही त्याला शिकवा.

आता ता. क.मधला प्रश्न. ए.एम. म्हणजे लॅटिन ‘अँटे मेरिडिएम’, मध्यान्हाच्या आधी. पी.एम. म्हणजे ‘पोस्ट मेरिडिएम’, मध्यान्हानंतर. भर दुपारचे बारा हे स्वतःच मध्यान्ह, म्हणून शब्दार्थाने ते कुठल्याच बाजूचे नाहीत. डिजिटल घड्याळांच्या रूढीप्रमाणे ‘ट्वेल्व्ह ए.एम.’ म्हणजे मध्यरात्र आणि ‘ट्वेल्व्ह पी.एम.’ म्हणजे दुपार. पण मुदतीसाठी दोन्ही टाळा. ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ म्हटलं तरी गुरुवार संपतानाची मध्यरात्र की शुक्रवार संपतानाची, हे कळत नाही. ‘बाय ११:५९ पी.एम. ऑन फ्रायडे’ असं लिहा, पुढे तारीख घाला आणि सहकारी दुसऱ्या देशात असेल तर ती वेळ कुठली, त्याच्याकडची की तुमच्याकडची, तेही लिहा.